तिच्या नावावरची चार वर्षं

३ फेब्रुवारी, सोमवार

मिळाली एकदाची खोली! आठ वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात मान मोडून काम केलं, आता स्वतःचं दार, स्वतःची किल्ली. फोटोंच्या चौकटी करणाऱ्याच्या दुकानावर, एकोणीस पायऱ्या चढून. खिडकीशी लांबरुंद टेबल, आधी इथे राहिलेल्या बाईचं. दोन स्क्रीन मांडूनही कोपर टेकायला जागा उरते. नवरा खोकी चढवताना म्हणाला, आता साहेब पण तूच, मग रजा कुणाकडे मागणार? चिमणीने फिरत्या खुर्चीवर अकरा गिरक्या घेतल्या आणि भिंतीला धरून उभी राहिली. सहा वर्षांची आहे, पण विचारते कसं, तर आई, तुझं ऑफिस एवढंसंच का गं?

वहीचं पहिलं पान, तेव्हा स्वतःसाठी चार नियम. गिऱ्हाईक 'फक्त एवढंच करायचंय' म्हणालं की सावध, त्या 'फक्त'मध्ये तीन दिवस बुडतात. ठरलेलं सगळं लेखी, तोंडी काही नाही. दुसऱ्याने केलेल्या वेबसाइटला हात लावायच्या आधी तिची एक प्रत बाजूला काढायची. आणि सहाच्या ठोक्याला टेबलावरून उठायचं. हा शेवटचा चिमणीने घालायला लावला. खुशीत आहे मी आज, खरंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

घरमालकीणबाई खाली, दुकानाच्या मागच्या खोल्यांत राहतात. एके काळी टायपिंग शिकवायच्या, अजून बोलताना बोटं मांडीवर चालत असतात. चहा घेऊन वर आल्या आणि अर्धा तास आधीचीचं कौतुक. तीही वेबसाइटच करायची. चार वर्षं राहिली, पण आवाज नाही, पसारा नाही, कुणाचं येणं-जाणं नाही. म्हणाल्या, तिच्यासारखी पुन्हा मिळायची नाही. अहो, मी समोर बसलेय ना! कुठे गेली म्हणून विचारलं, तर सांगतात, एका सकाळी वर आले तर किल्ली टेबलावर आणि ती नाही. सामानसुद्धा नेलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं तेही तिचंच. कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्याची सगळी वेबसाइट तिने उभी केलेली, आता नव्या फ्रेम्स चढवायच्या आहेत. तोही सुरूच झाला. बाईंचं काम म्हणजे काम, तुम्हाला जमेल ना? जमेल ना म्हणे! आठ वर्षं मी काय गोट्या खेळत होते?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तिचं काम आतून उघडलं. मनात आलं होतं, चांगला घोळ सापडू दे, म्हणजे चष्मेवाल्याला दाखवते. कसला घोळ! फडताळात घड्या घालून ठेवाव्यात तसं एकेक. कुठे काही अवघड असेल तर शेजारी दोन ओळी, की हे असं का केलं, नंतर येणाऱ्याने काय सांभाळावं. जणू मला समजावतेय. अंगाची लाही झाली.

आमच्या कामात कुठलाही बदल केला की त्याची नोंद आपोआप राहते. कुणी केला, कधी केला, कशासाठी केला. तिच्या नोंदी बाराशेच्या वर आहेत. प्रत्येकीसमोर तिचं नाव. मी खाली-खाली जात राहिले, नाव संपेचना. सवत परवडली, तिच्याशी निदान भांडता तरी येतं.

नवऱ्याला ती साइट दाखवली. माझा नवरा, कुणाच्या कामाला कधी चांगलं म्हणाला नाही. वा, म्हणाला. रात्री जेवताना मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला कळलंही नाही का ते.

१० फेब्रुवारी, सोमवार

केलं. लिहून टाकते म्हणजे मन मोकळं होईल.

एका फर्निचरवाल्यांना आधीचं काम बघायचं होतं. नोकरीतलं काम कंपनीच्या मालकीचं, ते दाखवता येत नाही. मग दाखवू काय, डोंबल? चष्मेवाल्याची साइट समोर होती. एका कमांडचं काम. जिथे जिथे तिचं नाव, तिथे तिथे माझं. जुन्या नोंदी बदलू नयेत, हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत असतं. मी बदलल्या. बाराशे नोंदी, चार वर्षं, सगळीकडे मी. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

नियमाप्रमाणे आधी प्रत काढली होती. पण त्या प्रतीत ती होतीच ना अजून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बघवेना. तीही पुसली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गंमतच झाली. सकाळी चष्मेवाल्याचा फोन. म्हणाला, चार वर्षांत तुम्ही मला एकदाही तोंडघशी पाडलं नाहीत, तुमच्यासारखी बाई मिळायची नाही. मी? मी तर त्याला आठवड्यापूर्वी भेटले. चुकून बोलला असेल, म्हणून दुरुस्त केलं नाही. मग घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या आणि तेच. चार वर्षांत एक दिवस सुट्टी घेतली नाही तुम्ही, तब्येत सांभाळा. आधीचीचं नाव काढलं, तर म्हणाल्या, कोण आधीची?

आयत्या बिळावर नागोबा म्हणा हवं तर. फर्निचरवाल्यांचं कामही मिळालं. दिवसभर गुणगुणत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल सहाचा नियम मोडला. फर्निचरवाल्यांचं 'फक्त एवढंच' होतं. घरी गेले तेव्हा आठ वाजून गेले होते, चिमणी झोपलेली. आज सकाळी वेणी घालताना म्हणते, कालची गोष्ट पुढे सांग. कुठली गोष्ट? तर म्हणे, तू सांगितलीस ना, जहाजावरच्या मांजराची, आवाज काढून काढून. मला आवाज काढता येत नाहीत. मी वाचून दाखवते, तेही पानं गाळून.

नवऱ्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, काल पाचलाच तर आलीस, आणि हल्ली चिडत नाहीस, छान वाटतं घरात.

ऑफिसातून पाचला उठले नव्हते मी. घरी होतं कोण? आणि ती चिडत नाही हे ह्याने माझ्याच तोंडावर सांगावं?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जुना लॅपटॉप काढला. स्वतःसाठी म्हणून केलेलं, शिकताना केलेलं, चिमणीच्या बारशाला केलेलं एक पान. सगळ्या नोंदी उघडल्या.

माझं नाव नाही. एकीसमोरही नाही. तिचं आहे.

चिमणी झाली त्या आठवड्याच्या नोंदीसमोरसुद्धा तिचंच. खाली कारण लिहिलंय, 'मुलगी झाली, म्हणून सुट्टी'. ते मी लिहिलं होतं. मी, दवाखान्यात, कुशीवर वळता येत नव्हतं तेव्हा.

मी तिच्या जागी स्वतःला घातलं. माझी जागा मोकळी पडेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार कुठे होते? इथेच. घरी निघाले होते, जिन्यात आठवेना की डावीकडे वळायचं की उजवीकडे. परत वर आले.

नवऱ्याला फोन केला. त्याने विचारलं, कोण बोलतंय? मी बायको म्हटलं तर हसला, अवघडून, परक्या माणसाशी हसतात तसं. म्हणाला, ती आत चिमणीचं डोकं पुसतेय, काही निरोप आहे का?

माझ्या चिमणीचं डोकं. माझा टॉवेल. मागून हसणं ऐकू आलं, दोघींचं —

घरमालकीणबाईंसमोर रडले. त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, असं काय करता, चार वर्षांत तुमच्याकडे एक माणूस आलं नाही, नवरा कुठला, मुलगी कुठली?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. पत्ता विचारत विचारत, माझ्याच घराचा. दुपारी चारला.

चिमणीने दार उघडलं. दोन वेण्या, घट्ट, सरळ भांग. माझ्या हातून भांग नेहमी वाकडा पडतो. माझ्याकडे बघितलं तिने. नीट बघितलं, आणि —

"काकू, कोण हवंय? आई आत आहे. बोलावू?"

काकू म्हणाली मला.

मग ती बाहेर आली, हात पुसत. चांगली दिसते. रागावली नाही. चिमणीला आत पाठवलं, मग हळू आवाजात बोलली. म्हणाली, चार वर्षं त्या खोलीत भिंतींशी बोलत काढली, एका माणसाने हाक मारली नाही. तिच्या कामावर एवढा कुणाचा जीव जडेल असं तिला वाटलंही नव्हतं. म्हणाली, मागितलं तुम्ही, मी नाही. आणि दार लावलं. आदळलं नाही, हळूच लावलं.

जळते मी. अजून जळते. तिचा भांग सरळ पडतो म्हणून —

१९ फेब्रुवारी

उलटवायला बसलेय. प्रत हवी. प्रत मीच पुसली. जुनं कुठेच नाही, शोधलं, सगळीकडे शोधलं. उलटी कमांड देऊन बघितली, माझ्या जागी तिचं नाव. बाराशे नोंदी फिरल्या. परत उघडलं तर सगळीकडे मी. माझंच नाव. इतकं हवं होतं ना —

चष्मेवाल्याचा फोन. फार खूश आहे.

टेबलावर कोपरांच्या जागी दोन खळगे आहेत. माझे बरोबर बसतात.

२०

सकाळी नवऱ्याचा चेहरा आठवेना. चष्मा होता का? मिशी — नाही, बहुतेक नाही —

लग्न कुठल्या महिन्यात? गरम होत होतं. एवढंच.

घरमालकीणबाईंनी चहा ठेवला. म्हणाल्या, किती शांत आहात तुम्ही.

२१ असावी

लिहून ठेवायला हवं, असेल तेवढं. मला मुलगी आहे. सहा वर्षांची. पुढचे दोन दात पडलेत. झोपताना माझा कान धरते, डावा. चिमणी हे लाडाचं. खरं नाव वेगळं, मीच ठेवलंय, पोटात होती तेव्हापासून ठरवलेलं. ते लिहिलं की राहील. कागदावरचं कुणाला बदलता येत नाही. माझ्या मुलीचं नाव