बटलर स्ट्रीटवरचं डावं वळण

३ मार्च, सोमवार
आमच्या विनाचालक गाडीला माणसांत वागायला शिकवायचंय. आमच्या साहेब मेरेडिथबाईंनी फर्मान काढलं: मी आणि डोलोरेस, दोघांनी महिनाभर कॅमेरे लावलेल्या गाड्या चालवायच्या. ज्याचं ड्रायव्हिंग चांगलं, त्याचं गाडी गिरवणार. माझं निवडलं तर टीमचा प्रमुख मी. डोलोरेसने एकतीस वर्षं सिटी बस हाकली. बिचारी. मी पीएचडी!

५ मार्च
अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे समोरून येऊन डावीकडे वळणारा आपल्याला आडवा जातो. सिग्नल हिरवा झाला की अशा पहिल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, असं आमच्या पिट्सबर्गमध्ये चालतं. कायद्यात कुठे आहे? हक्क सरळ जाणाऱ्याचा. मी निघालो. समोरच्या म्हाताऱ्याला करकचून ब्रेक मारावा लागला. काच खाली करून ओरडला, घराला आग लागलीय का रे तुझ्या! मी त्याला कलम सांगितलं. सगळं रेकॉर्ड झालंय. छान.

७ मार्च
डोलोरेस म्हणाली, अरे राजा, एकाला जाऊ द्यावं, मग आपण निघावं. मी विचारलं, लिहिलंय कुठे? म्हणाली, इथेच जन्मलास ना, आईला विचार.
आईला विचारलं. ती तिघांना जाऊ देते म्हणे. घरातच शिस्त नाही.

१२ मार्च
आज लोकांनी मला मारलेले हॉर्न फक्त नऊ. काल अकरा होते. प्रगती. शिव्या मोजत नाही.

१८ मार्च, सकाळी ८.१०
संकल्प: आजपासून उदार व्हायचं. बटलर स्ट्रीटवर एकाला जाऊ दिलं. त्याने हात केला. बरं वाटलं, खरंच. लगेच त्याच्यामागून एक बाई घुसली. दुसऱ्याला कसला मान? धडा शिकवायला गाडी पुढे काढली. तिच्या मागच्या दाराशी थांबलो. चार बोटं अंतर! आत बाळ होतं. काचेआड बाई रडायला लागली. कशाला कोण जाणे. ब्रेक उत्तम लागले.

१९ मार्च
डोलोरेसने कालचं रेकॉर्डिंग पाहिलं. डब्यातले पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, अर्ध्या टाकून उठून गेली. जळते.

२८ मार्च
सोमवारी निकाल. भाषण तयार आहे. डोलोरेसचेही आभार मानणार, दोन वाक्यांत.

३१ मार्च
मेरेडिथबाई म्हणाल्या, हुडाक, तुझं एकही रेकॉर्डिंग वाया जाणार नाही. मी उभा राहिलो, खिशातून कागद काढला. त्यांनी पडद्यावर दोन फोल्डर उघडले. डोलोरेसचं: ‘असं चालवावं’. माझं: ‘समोर असा माणूस आला तर’.
म्हणाल्या, अशी माणसं रस्त्यावर असतातच, गाडीने त्यांच्यापासून लांब राहायला शिकलं पाहिजे.
मग अठरा तारखेचं लावलं. बारा जणांसमोर, गाडीबाहेरच्या माईकने टिपलेल्या आवाजासकट. बाई बाळाला नावाने हाका मारत होती, पुन्हा पुन्हा. माझ्या काचा बंद होत्या, मला त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं. कुणी माझ्याकडे बघेना. लाज वाटली. अजून वाटतेय.
कॅमेऱ्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली. बसने घरी आलो.