देवळाच्या भिंतीवरची अट

प्रिय लिसोन,

परवा सकाळी दोर्कास जव दळत होती आणि मी लोकर पिंजत होते. मरण्याआधी तुम्ही तिला गुलामीतून मुक्त केलंत, ते देवळाच्या भिंतीवर कोरलेलं आहे. त्याच भिंतीवरची अक्षरं जुळवत मी एकटीच वाचायला शिकले. तिच्या नावाखालची ओळ मला आदल्या दिवशी वाचता आली: मालकीण जिवंत असेपर्यंत तिने याच घरात राबावं.

"तुला हे ठाऊक होतं?" मी विचारलं.

"अख्ख्या डेल्फीला ठाऊक आहे, मालकीणबाई. तुम्हीच जरा सावकाश वाचता."

"मग हिवाळ्यात मी तापाने फणफणले, तेव्हा अकरा दिवस घोटघोट पेज का पाजलीस? मी मेले असते तर तू सुटली असतीस."

तिने जातं थांबवलं नाही. "सुटायचं तर आहेच. पण म्हणून माणूस मरू द्यायचं?"

तुमची आठवण रोज येते. अट तुम्ही माझ्याच काळजीने घातलीत, हेही कळतं. पण इतक्या मोठ्या मनाचं माणूस आपल्या घरात दुसरं कुणी नव्हतं, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी भावाला साक्षीला घेऊन देवळात गेले आणि ती अट रद्द करून आले.

तुमची,
तिमोक्ला