बीपी, मोतीबिंदू आणि विहारातला वारा

२७ मार्च, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी परत पाठवलं! मोतीबिंदू पिकलाय, पण बीपी एकशे ऐंशी. "काका, हे खाली आणा, मगच डोळ्याला हात लावतो."

सहा महिने झाले, पेपर शांता वाचून दाखवते – आणि राजकारण गाळते. म्हणे, तुमचं डोकं तापतं. आता काय तापायचं राहिलंय? ही रोजनिशीसुद्धा जाड स्केचपेननं लिहितोय. पानाला चार ओळी.

सूनबाईनं मोबाईलवर वाचलं – दर आठवड्याला चर्चला जाणाऱ्यांचं बीपी कमी असतं. म्हटलं, माया, चर्चमध्ये आपल्याला कोण ओळखतं? "बाबा, कोपऱ्यावर विहार आहे ना! आई एकट्याच जातात."

३० मार्च, रविवार

गेलो. औषध म्हणून.

घामानं अंघोळ. विहारातला पंखा गुणाजीनं खाली उतरवून ठेवलाय. जन्मभर वायरमन होता, दुसऱ्याला हात लावू देत नाही. "अरे, मग लाव ना!" "बाबुराव, जरा दम धरा." तिथंच जुंपली. ध्यानाला बसलो तर चक्कर आली. पाणी गुणाजीनंच दिलं, तेही तोंड वाकडं करून.

६ एप्रिल, रविवार

नवलच! ध्यानाला डोळे मिटले आणि मानेवर गार वारा. ध्यान संपलं – वारा बंद. पंखा तर खाली, गोणपाटात. खिडकी त्या बाजूला नाही.

घरी शांताला सांगितलं. "हळू बोला! चमत्कार आपल्यात चालत नाही." मी कुठं चमत्कार म्हटलं? मी वारा म्हटलं.

१४ एप्रिल

जयंती. डीजेसमोर नातीबरोबर नाचलो. बीपी आज मोजणार नाही.

२० एप्रिल, रविवार

पुन्हा वारा! मन असं शांत झालं की घोरलो. शांतानं बायकांच्या बाजूनं खोकून जागं केलं.

गुणाजी आता मुद्दाम माझ्या मागेच बसतो. वंदनेनंतरचं "साधू, साधू, साधू" थेट कानात. पंख्याचं विचारलं की भिंतीकडे बघतो. आळशी लेकाचा!

२४ एप्रिल, गुरुवार

एकशे छत्तीस!! डॉक्टर म्हणाले, "काका, काय केलंत?" म्हटलं, विहार. "छान. गोळ्यापण वेळेवर घेताय ना?" शांता म्हणाली, "आता घेतात. विहारातनं आले की गुपचूप घेतात."

२९ एप्रिल

उजवा डोळा झाला. पट्टी आहे. ओळ वाकडी गेली असेल.

४ मे, रविवार

डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नको म्हटलंय. घरीच डोळे मिटून बसलो. वारा नाही. करमलं नाही.

११ मे, रविवार

पेपर स्वतः वाचला, राजकारणासकट. मग विहारात.

ध्यान सुरू झालं. नवा डोळा काही मिटेना – सगळं बघायची हाव! समोर बाबासाहेबांचा फोटो, काच लख्ख. काचेत मी. माझ्यामागे गुणाजी – घामानं निथळतोय, आणि लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यानं मला वारा घालतोय. दोन्ही हातांनी धरलाय पुठ्ठा. दोन्ही हात थरथरतायत. या हातांत पाना कसा टिकायचा?

डोळा गपकन मिटून घेतला.

पंख्याचं पुन्हा काढायचं नाही. पुढच्या रविवारी त्याच्या मागे मी बसणार. पुठ्ठा काढून ठेवलाय.