एकाच घरातली तीन नाकं

४ फेब्रुवारी
जिच्या हातून आजवर उत्तरपत्रिकेपलीकडे काहीही लिहिले गेले नाही, तिने रोजनिशी लिहावी हे धार्ष्ट्यच होय. वाचणारे कोणी नसले, तरी आधीच क्षमा मागून ठेवते. निमित्त मात्र मोठे आहे. आज सरांनी मला स्वतंत्र प्रोजेक्ट दिला. श्वासमार्गाच्या अस्तरातली कोवळी पेशी पुढे केसाळ होऊन चिकट द्राव ढकलणार, की तो द्राव स्वतःच तयार करणार, हे तिच्यातून होणाऱ्या क्लोराइडसारख्या आयनांच्या ये-जेवर ठरते का, हा प्रश्न. प्रयोग माझा, म्हणजे पेपरवर पहिले नाव माझे. सर तसे म्हणाले नाहीत. पण त्यांनी मान हलवली, ती मी नीट पाहिली.
संकल्प: यापुढे मोठ्याने बोलणे.

५ फेब्रुवारी
तीन निरोगी व्यक्तींच्या नाकातून ब्रशने पेशी घ्यायच्या आहेत. उद्या विचारीन.

११ फेब्रुवारी
विचारले नाही. अनोळखी माणसाला ‘आपले नाक मिळेल का’ हे कोणत्या शब्दांत विचारावे? वाक्ये रचली. सगळी शुद्ध होती. बोलण्याजोगे एकही नव्हते.

१३ फेब्रुवारी
नामी उपाय सापडला. एक नाक माझे, एक आईचे, एक धाकट्या भावाचे. आई आमच्या मजल्यावर नमुने घेणाऱ्या नर्सबाईंना म्हणाली, अहो, ही चारचौघांत नाक शिंकरायलाही लाजायची, आता सगळ्या घराची नाकं घेऊन आलीय. भाऊ म्हणाला, ताई, काम झालं की परत दे हं, चष्मा कशावर ठेवू? सगळा मजला हसला. मीही हसणार होते.
एकाच घरातले नमुने चालतात का, हे सरांना विचारायला हवे. सर व्यग्र दिसले. गाइडना त्रास न देणे हाही संशोधकाचा गुण आहे.

९ मार्च
पेशी जाळीदार पडद्यावर वाढत आहेत. वरून हवा, खालून पोषक द्रव. निम्म्या ताटल्यांत क्लोराइड बाहेर पडण्याची वाट औषधाने अडवली.

६ एप्रिल
आईच्या पेशींचे केस हलताना पाहिले. सगळे एका लयीत, एका दिशेने. वाट अडवलेल्या ताटल्यांत केस विरळ आणि द्राव भरपूर. विशेष म्हणजे, उशिरा अडवली तर फारसे बिघडत नाही. परंतु अगदी सुरुवातीला अडवली, तर नंतर मोकळी करूनही केस यायचे ते येत नाहीत. कोवळ्या वयात कोंडलेले पुढे सुटत नाही.
हे विधान केवळ पेशींपुरते आहे.

७ एप्रिल
लॅब मीटिंग. निष्कर्ष सांगायला उठले. लॅबमध्ये एक सीनियर संशोधक आहेत, त्यांना सारे भाऊसाहेब म्हणतात. ते म्हणाले, बस गं तू, मी सांगतो, तुझा आवाज तुझ्याच कानापर्यंत पोहोचत नाही. त्यांनी उत्तम सांगितले. ‘आम्हाला असं दिसलं’ असे ते वारंवार म्हणाले. ‘आम्हाला’मध्ये मी आलेच.

१९ मे
पेपरचा मसुदा आला. पहिले नाव भाऊसाहेबांचे, दुसरे माझे. सर माझा संयम पारखत असावेत. तरीही कडक ईमेल लिहायला घेतली.

२ जून
ईमेलमधला ‘अन्याय’ हा शब्द काढून ‘विसंगती’ घातला. अधिक जहाल वाटतो. उद्या पाठवणार.

१६ जून
पाठवली नाही तेच बरे झाले, कारण सरांनी आपण होऊन बोलावले; भाऊसाहेबही तिथेच बसले होते. नाव वर नेणार, असे वाटले. सर म्हणाले, नैतिकता समिती विचारतेय, नमुने कुणाचे आहेत? मी सांगितले. भाऊसाहेब खुर्चीतून पडायचेच बाकी राहिले. म्हणाले, तिन्ही नाकं एकाच घरातली? अगं, शेजारीपाजारी कुणाला नाक नव्हतं का?
सर हसले नाहीत. म्हणाले, देणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवावी लागते. पेपरात ‘एकाच कुटुंबातले तिघे’ असं लिहावंच लागेल. तुझी आई नि भाऊ येऊन गेले हे अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे. लेखकांच्या यादीत तुझं नाव दिसलं, तर कुटुंब कोणतं हे शेंबडं पोरही सांगेल. डेटा तर काढता येत नाही. मग काय काढायचं, तूच सांग.
मी म्हणाले, नाव.
उत्तर बरोबर आले. सर शाब्बास म्हणाले.

१७ जून
आईने विचारले, पेपरात तुझं नाव कधी येणार गं? मी म्हणाले, आपण तिघेही आहोत त्यात. भाऊ म्हणाला, कुठे? मी म्हणाले, आकृती दोनमध्ये, पेशींच्या फोटोत. आई म्हणाली, मला छापून दे, भिंतीला लावीन.

२० जून
आता माघार नाही. थेट समितीकडे तक्रार. प्रयोग कोणी केले, निष्कर्ष कोणाचा, सारे नावानिशी. भाषा सौम्य, आशय कठोर.

२४ जून
अखेर पाठवली. थोडी आटोपशीर केली आणि समितीऐवजी सरांना पाठवली. प्रत येथे उतरवते:
‘आदरणीय सर, अंतिम मसुदा वाचला. नावासंबंधी माझी हरकत नाही. आकृती दोनमध्ये मोजपट्टी राहून गेली होती, ती घालून सोबत जोडली आहे. परीक्षकांना आणखी नमुने हवे असल्यास आम्ही तिघेही सोमवारी मोकळे आहोत.’
पाठवली: २४ जून, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.