उघडा डबा

अप्पा, मी घाटघरच्या शाळेच्या भिंतीसमोर बसलेय. भिंत पांढरी करून झालीय. पोरांना तिच्यावर बिबट्या हवाय. मास्तरांना मी हो म्हणून बसले, पण जन्मात अक्षरांशिवाय काही काढलेलं नाही. नारायणगावात आता फ्लेक्स आलेत, पाट्या रंगवून घ्यायला कुणी येत नाही. फ्लेक्सवाला म्हणतो, कॉम्प्युटरवर बसायला ये. हा बिबट्या फसला तर मी तिकडे जाणार आणि आपलं दुकान बंद करणार, असं मनाशी ठरवून आलेय.

तो टोमॅटोचा टेम्पो आठवतो? बारावी होऊन मी नुकतीच तुमच्या हाताखाली आले होते. मालकाला मागच्या फळीवर बैल हवा होता आणि तुम्हीही आयुष्यभर नंबर नि नावंच लिहिलेली. मी डोळ्यांनी नको नको म्हणतेय, आणि तुम्ही नेहमीसारखा आधी डबा उघडताय. काय काढायचं ते कळायच्या आत डबा उघडायची तुमची खोडच होती. रंग फुकट जातो म्हणून आई चिडायची. उघड्या रंगावर साय धरते, मग माणसाला नुसतं बसून राहता येत नाही, एवढंच तुमचं म्हणणं. त्या दिवशी न राहवून मी विचारलं, चुकलं तर?

"चुकंल की. पर माज्या हातून बैल कसा व्हतोय, ते मला तरी कुठं ठावं हाय? बघू तर."

बैल दिसायला शेळीवर गेला. मालकाने कपाळाला हात लावला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही लांब जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिलात. मग म्हणालात, "मागला पाय लई झ्याक आलाय." खरंच आला होता. तेवढा पाय ठेवून बाकीचा बैल तुम्ही पुसलात आणि पुन्हा काढलात. मालक हसत गेला. ब्रश धुवायला माझ्याकडे दिलात, तेव्हा दांडा घामाने चिंब होता. तुम्ही घाबरला होतात, हे मला आज कळतंय. तेव्हाच बोलला असतात तर बरं झालं असतं, अप्पा. राग येतो तुमचा.

तुम्ही गेलात, हे पत्र आता कुठे टाकायचं नाहीच. खरं सांगते, वेळ काढायलाच लिहितेय. पण पिवळ्या रंगाचा डबा मी लिहायला बसायच्या आधीच उघडून ठेवला होता. त्यावर साय धरायला लागलीय.