इस्त्री केलेला पाँचो

बुधवार, सकाळचे दहा

प्रिय भिंगरी,

सगळ्यात आधी एक काम कर. पाठीवर सॅक असेल तर ती उतरव आणि खाली बस. हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस आणि अर्धवट तर मुळीच टाकू नकोस. जीपवाल्या काकांना मी बजावून ठेवलंय, पोरगी शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही तोवर तिला डोंगराखालच्या विश्रामगृहाच्या पायरीवरून हलू द्यायचं नाही. ते हसले. दर बुधवारी ते तिथल्या चादरी आपल्या लाँड्रीतून धुऊन नेतात, पण त्या गाठोड्यावर मी आजवर कधी पत्र ठेवलं नव्हतं. तिथे फोन लागत नाही, दुसरा काही उपाय सुचला नाही.

काल तू बसमध्ये बसलीस तेव्हापासून मला भीती वाटतेय. तू म्हणशील, त्यात नवीन ते काय. तुझे बाबा नेहमी म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि ते माझ्याकडे बघूनच म्हणायचे. तू शाळेचा जिना उतरायचीस तेव्हा मी खाली उभी राहून तुझ्याऐवजी कठडा धरायची. ते गेल्यापासून तर तुला यायला पाच मिनिटं उशीर झाला की मी दुकानाच्या दारात येऊन उभी राहते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई वारा खायला आली. पण आजची भीती तसली नाही. आजच्या भीतीला कारण आहे आणि ते मी तुला सांगणार आहे. फक्त जरा दम धर, मला तिथवर पोचायला वेळ लागेल.

सकाळी रेडिओवर सांगितलं, उद्या दुपारपासून डोंगरमाथ्यावर सोसाट्याचा वारा, पाऊस आणि कडाक्याची थंडी. तू उद्या पहाटे निघणार, म्हणजे पाऊस सुरू होईल तेव्हा तू नेमकी पठारावर असणार. दोन रात्री, एकटी, आणि डोक्यावर आसरा म्हणून मामाचा तो लष्करातला रबरी कापडाचा पाँचो. तुला काय, ढग दिसले की तू आणखीच खूश होशील. शिवाय तुझी ती एक दिवस आधीच निघायची खोड. आजच निघून गेली असलीस तर? काकांना सांगितलंय, ती नसली तर रखवालदाराला म्हणावं, दोन माणसं घेऊन मागे जा, चहापाणी नंतर करा. हे मी त्यांना तीनदा सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

तुला हा नाद लावला मामाने. आठवतं ना, आपल्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमध्ये त्याने कंबरेइतक्या उंचीवर दोरी ताणली होती? तंबू नेणं म्हणजे सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणं, असं त्याचं ठाम मत. पाँचो कसा, पाऊस आला की डोक्यातून घालायचा, मुक्कामाला पोचलं की दोरीवर टाकायचा, झालं घर. मधल्या टोपीला पीळ घालून ती सुतळीने आवळायची, नाहीतर थेंब नेमका नाकावर पडतो. कडेच्या पितळी रिंगांमध्ये खुंट्या ठोकायच्या. वाऱ्याची बाजू जमिनीला टेकवायची, दुसरी जरा उचललेली ठेवायची. तो आत झोपून दाखवायला गेला तर त्याचे दोन्ही पाय बाहेर, आणि तू हसून हसून लोळलीस. मग तू आत शिरलीस आणि मला वरून बादली ओतायला लावलीस. मी ओतली. तू खडखडीत कोरडी बाहेर आलीस. मीही हसले, पण माझा हात त्या कापडावर होता आणि मनात आलं, हे एवढंसं कापड, दोन चादरींच्या वजनाचं, आणि त्याच्या भरवशावर माझी एकुलती एक पोर.

तुझं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. वर्षभर चष्म्याच्या दुकानात बसून हातभर अंतरावरच्या काचा घासतेस, आता चार दिवस लांबचं बघायचंय म्हणालीस. त्यावर मी माझी गुडघेदुखी काढली. मग मामाची तब्येत काढली. मग म्हटलं, सोबत कुणीतरी ने. तू सगळ्यावर शांतपणे मान हलवलीस आणि सॅक भरत राहिलीस. तुझ्या बाबांची हीच सवय होती, भांडायचेही नाहीत आणि ऐकायचेही नाहीत.

शुक्रवारी तू पाँचो माझ्याकडे दिलास. मामाच्या ट्रंकेत पडून त्याला कुबट वास येत होता. नुसता गार पाण्यातून काढ म्हणालीस, साबण नको, पिळायचा नाही, इस्त्री तर नकोच, कारण आतल्या रबरी लेपामुळेच पाणी थांबतं. मामानेही मला फोन करून तेच सांगितलं होतं. रविवारी मी तो तुला परत दिला, गिऱ्हाइकाला देतो तसा, खाकी कागदात, वर दोरा बांधून. तू पुडकं तसंच सॅकमध्ये टाकलंस. सोमवारी मामाने फोनवर तुला सांगितलं, निघण्याआधी एकदा बांधून बघ, पाणी ओतून बघ. मी पलीकडे इस्त्री करत होते. तू त्याला म्हणालीस, आईने धुतलाय, त्यात काय बघायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून एका शर्टाची कॉलर जळाली.

आता सांगते. रविवारी दुकान बंद होतं तेव्हा मी तो पाँचो गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकला, चादरींची पावडर घालून, एकदा नाही, दोनदा. मग आतल्या बाजूने कडक इस्त्री फिरवली. मशीनच्या जाळीत रबराचे पापुद्रे साचले, इस्त्रीला चिकटलेले मी सुरीने खरवडून काढले. वरून पेलाभर पाणी ओतलं तर ते गाळण्यातून पडावं तसं खाली आलं. चुकून झालं, असं मी आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बाईच्या हातून अशी चूक होत नसते. मी मुद्दाम केलं. मला वाटलं, तू बांधून बघशील, गळतोय म्हणून चिडशील, माझ्या नावाने खडे फोडशील आणि बेत मोडेल. तू बघितलंच नाहीस. काल बस सुटेपर्यंत माझ्या तोंडाशी येत होतं आणि मी ते गिळत होते, कारण खिडकीतून तू माझ्याकडे बघून हसत होतीस. जीपमध्ये एक जागा रिकामी आहे, काका चला म्हणाले, पण हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. नुसतं वर जाऊ नकोस म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस, म्हणून हे सगळं लिहावं लागलं. गाठोड्यात ताडपत्री ठेवली आहे. जड आहे, पण गळणार नाही, आज सकाळी दोन बादल्या ओतून बघितल्या. वर जायचं की परत यायचं ते तू ठरव, तुला सांगायचा हक्क मी रविवारीच घालवला. माझ्याशी बोलू नये असं वाटलं तर नको बोलूस, हवे तितके दिवस. फक्त तो पाँचो नेऊ नकोस.

तुझीच,
आई