शेवटच्या पानावरचा भात

अप्पा, तुमच्यावर चिडून लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते. म्हणू दे. ती आत भेंडी चिरत बसली आहे आणि मी विजयनगरच्या आपल्या घरात तुमच्याच टेबलाशी बसले आहे, महिनाभराच्या रजेवर. इथल्या एका कॉलेजनं मला शुक्रवारी मुलांसमोर बोलायला बोलावलंय. विषय त्यांनीच ठरवून टाकलाय, 'सगळ्यांना धरून चालताना'. मागे कुठल्याशा मुलाखतीत मी हे शब्द वापरले होते, आणि ते माझ्या वडिलांचे आहेत असंही मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता ते वाक्य नुसतं कागदावर दिसलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

मी दहा वर्षांची आहे. इथल्या आपल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये वर्षाचं जेवण आहे. आपले खापरपणजोबा इथल्या महाराजांच्या फौजेत होते हे पुन्हा एकदा ऐकायला आणि पुरणाचे ओब्बट्टू खायला झाडून सगळे जमलेत. वाढप तुमच्याकडे. कमरेला पंचा, ओरडून बसलेला घसा. तुमचा कायदा लहान पोरांनाही पाठ आहे, शेवटच्या पानावर भात पडत नाही तोवर पहिल्यानं पानाला हात लावायचा नाही. माझ्या शेजारी एक म्हातारी बसलीय, साखरेचा आजार असलेली. तिला दरदरून घाम सुटलाय, बोटं थरथरतायत. "डोळ्यापुढं कत्तले आलं ग पुट्टी, अंधारी आली," म्हणते. मी माझ्या पानावरचा ओब्बट्टू मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवते आणि ती तो खाते. तेवढ्यात तुम्ही भाताची परात घेऊन तिथे पोचता. "अय्यो, काय ग हे? सुम्ने गप बसता येत नाही तुला?" म्हातारीला तुम्ही काही बोलत नाही. मलाच उठवता. "हिचं पान उचला. सगळ्यांना धरून चालायचं असतं. आपण एकटेच जेवायला आलेलो नाही इथं." सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. पंगत उठेपर्यंत मी खांबाला टेकून उभी राहिले. म्हातारीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, पण तिनं मान वर करून माझ्यासाठी एक शब्द काढला नाही. तिच्यावरचाही राग अजून गेलेला नाही माझा.

मी काय काम करते ते तुम्ही पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, अग, हे तर वाढपच. आणि ते खरंच आहे. युद्ध चालू असलेल्या एका देशात सात संस्था मिळून लोकांना मदत पोचवतात. एकीचं पीठ, एकीचं पाणी, एकीची औषधं, एकीचे ट्रक, असं. या सातजणींची मोट बांधायचं काम माझं. मोट म्हणजे तरी काय, बेडकं तराजूत घालून तोलायची. आज ही रुसली, उद्या तिला बैठकीत शेवटची खुर्ची मिळाली. त्यांना सांभाळून घेण्यात माझा हात धरणारं कोणी नाही असं सगळे म्हणायचे, आणि ऐकून मला बरं वाटायचं.

एका सकाळी लढाईच्या रेषेपलीकडच्या गावाकडे जाणारा रस्ता उघडला. तीन आठवड्यांनी गोळीबार थांबला होता. ट्रक भरून गोदामासमोर उभे होते. निघायच्या कागदावर सहाजणींच्या सह्या झाल्या होत्या. सातवीची राहिली होती, कारण तिच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांना पहिल्या ट्रकवर कोणाचा फलक लागणार ते वाक्य पुन्हा वाचून बघायचं होतं. हो, फलक. लोक तळघरांत बसलेत आणि आम्ही फलकाचं वाक्य वाचतोय. दहा वाजता गावातल्या दवाखान्याच्या नर्सचा फोन आला. ती त्याच गावची, शांत बाई, कधी आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही. म्हणाली, "इन्सुलिनचा ट्रक तेवढा आधी सोडा. बाकीचं उद्या आलं तरी चालेल. आज रस्ता आहे." मी म्हटलं, "थोडं थांबा, सगळे एकत्रच निघू."

दुपारी त्या रस्त्यावरचा पूल उडाला. रस्ता पुन्हा व्हायला अकरा दिवस लागले. मग आम्ही गेलो, सातही संस्था, सगळे फलक अगदी ठरल्याप्रमाणे. नर्स दारात उभी होती. तिच्या हातातल्या यादीत तीन नावांवर रेघ मारलेली होती, आणि त्यातली एक तिची थोरली बहीण होती. ती एवढंच म्हणाली, "आलात. सगळे एकत्र आलात." तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. पुढच्या महिन्यात अहवाल निघाला, त्यात आमच्या समन्वयाचं कौतुक होतं. नवीन नियम करायला दोन दिवसांची बैठकही झाली. बैल गेला आणि झोपा केला.

त्या नियमाची गरजच नव्हती, अप्पा. जीव वाचवणारं औषध असेल तर प्रमुखानं, म्हणजे मी, बाकीच्यांसाठी न थांबता एकटीच्या सहीनं ट्रक सोडावा, असं कलम आमच्या करारात पहिल्यापासून होतं. ते लिहिलं होतं मीच. पण एकीनं आधी हात लावला असता तर बाकीच्या फुरंगटल्या असत्या, आणि माझ्या डोक्यात तर तुमचा बसलेला घसा.

गेल्या आठवड्यात आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझे अप्पा तरी कुठं थांबायचे? समाजाच्या जेवणात नैवेद्य दाखवायच्या आधीच डबा भरून हिनकलला पाठवायचे, दरवर्षी. त्यांचा एक जुना सोबती होता तिथं, अंथरुणाला खिळलेला. म्हणायचे, ज्याला पंगतीला येताच येत नाही, त्याला पंगतीचा कसला कायदा." तिच्यावर मी एवढी ओरडले की शेजारीण डोकावून गेली. मला हे कोणी सांगितलं का नाही? कायदा दोनशे माणसांसमोर आणि माया मागच्या दारानं, हा कुठला न्याय? माझं पान तुम्ही चारचौघांत उचललंत, मग ही दुसरी गोष्ट एकदा कानात तरी सांगायचीत. अर्धंच शिकवलंत आणि गेलात. त्या अर्ध्यावर मी सात संस्था चालवल्या.

बोलायला येणार की नाही, ते कॉलेजला अजून कळवलेलं नाही. हा कागद तुमच्या टेबलाच्या खणात, जुन्या पावत्यांखाली राहील. आईला वाचून दाखवणार नाही, कारण तिच्यापाशी मी एक खोटं बोललेय, आणि वरही तेच लिहून बसलेय. डब्याचं मला ठाऊक होतं. त्या दिवशी पंगत बसायच्या आधी तुम्ही मला मिठाचं भांडं आणायला आत पाठवलंत, तेव्हा मागच्या दाराशी तुम्ही गरम भात डब्यात दाबून भरत होतात. मी बघितलं. तुम्ही मला बघितलं नाहीत. म्हणून तर म्हातारीला ओब्बट्टू दिला, अप्पा देतात म्हणून. आणि नर्सचा फोन आला तेव्हा मला तुमचं ओरडणं आठवलं नव्हतं. तो डबाच आठवला होता. तरी मी तिला थांबा म्हटलं.